मुद्दाम काळी केलेली

कृतीत लिहिलंय : केळी जितकी काळी तितकी बरी.
मी ती ओळ दोनदा वाचली.
मग चष्मा पुसून परत एकदा.

गोकुळपेठेत भोयरच्या ठेल्यावर
सगळी पिवळीधम्मक, कॅलेंडरवरच्यासारखी.
म्हटलं, काळी पडलेली आहेत का?
"गाईले पायजे का ताई?
तशी तं सकाळीच देऊन टाकली."

साठ रुपयांची डझनभर घेतली
आणि ओट्यावर ठेवून दिली, नासायला.
मे महिना. टाकीतलं पाणीसुद्धा भाजतं.
तिसऱ्या दिवशी चिलटं आली,
चौथ्या दिवशी साल हातात धरवेना.

बाबा कॉटन मार्केटात केळीच्या वखारीत होते.
बंद खोलीत हिरवे घड, खाली धुनी,
दाराच्या फटी मातीने लिंपलेल्या.
त्यांच्या सदऱ्याला कायम तो वास,
अर्धा धूर, अर्धा गोड,
आणि चिकाचे तपकिरी डाग
जे आईच्या कुठल्याच साबणाला जुमानत नसत.

संध्याकाळी सायकलच्या हँडलला पिशवी.
पिशवीत ती, जी तराजूवर चढली नाहीत.
गल्लीत शिरताना बाबा पिशवी
भिंतीच्या बाजूला घ्यायचे.
"कोनाले सांगू नका," एवढंच.

आम्ही सांगितलं नाही.
प्रमिला ठवकरने विचारलं, डब्यात काय,
मी म्हटलं, केक.
तिने हुंगून पाहिलं. मग अर्धा मागितला.

केकच होता तो.
जर्मनच्या गंजात कन्हानची रेती,
रेतीवर पितळी डबा,
डब्यात रवा, गूळ, कुस्करलेली पाच-सहा केळी,
वर झाकण, झाकणावर निखारे.
आई फुंकणीने निखारे फुलवायची
आणि राख आत पडू नये म्हणून
श्वास मधेच तोडायची.
कडा करपायच्या. कडांवरून आमची भांडणं.
मधला भाग कच्चट राहायचा,
तो आईचा.

आज ओव्हन एकशे ऐंशीवर.
मैदा चाळला, सोडा, चिमूटभर मीठ.
जायफळ कृतीत नव्हतं, घातलं.
साखर पाऊण कप होती, मी गूळ किसला,
किसताना बोटाला लागलं, तेही नेहमीसारखंच.
काट्याने केळी कुस्करता कुस्करता
हात थांबला,
मान आपोआप खिडकीकडे वळली :
कोणी बघत तर नाही?
तिसऱ्या मजल्यावर. मनीषनगरात.

चाळीस मिनिटांनी वास लिफ्टपर्यंत गेला.
कुंभलकर वहिनी दारात :
"काय करून राहिल्या हो ताई?"
सडक्या केळ्यांचा केक, मी म्हटलं,
जरा जास्तच मोठ्याने.

बाबा आता ब्याऐंशीचे.
तुकडा आधी नाकाशी नेला,
मग अंगठ्याने हळूच दाबला,
घडाजवळचा देठ दाबायचे तसा.
"बसराई," म्हणाले.
आणि मग, "कितीले पडली?"

सांगितलं. साठ.
चांगली होती, मीच काळी होऊ दिली.

बाबा चावायचे थांबले.
"चांगली केळी? मुद्दाम?"
मी मान हलवली.
कूलर घरघरत राहिला.
वखारीचे सगळे हिशेब
त्यांच्या कपाळावर एकदा येऊन गेले.

मग तळव्यावर सांडलेला चुरा
ओल्या बोटाने टिपून टिपून खाल्ला,
करपलेली कड माझ्याकडे सरकवली,
आणि मधला, जरा ओलसर राहिलेला भाग
पेपरात गुंडाळायला घेतला,
चारी कोपरे आत दुमडून, दोरा शोधत.

पेपर आजचा होता. वाचायचा राहिलेला.
मी काही बोलले नाही.
दोरा आणून दिला.